रंग न धरलेली गाठ

१

शुक्रवारी दुपारी प्रज्ञाने माझ्या टेबलावर दोन कागद ठेवले. दोन्ही रिपोर्ट एकाच बाईचे होते, दोन्हींवर माझी सही होती, आणि दोन्ही खरे असणं जवळपास अशक्य होतं.

प्रज्ञा जळगावात एका शाळेत गणित शिकवते. तिची आई लिलाबाई पिंपळनेरला राहते. एप्रिलमध्ये छातीत गाठ लागली म्हणून लेकीने तिला इकडे आणलं. सुईने बारीक तुकडा काढून माझ्याच लॅबमध्ये तपासला होता. उत्तर आलं : कॅन्सर, हार्मोन पॉझिटिव्ह. गावापासून जवळ म्हणून ऑपरेशन धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यात झालं. काढलेली गाठ तपासायला पुन्हा माझ्याकडेच आली. या वेळी उत्तर आलं : हार्मोन निगेटिव्ह.

"मॅडम," प्रज्ञा म्हणाली, "तीन आठवड्यांत आईची गाठ बदलली, की आईच बदलली?"

मी हसले नाही. तीही हसवायला आली नव्हती.

"सोमवारी सकाळी औषध ठरणार आहे. तिकडचे डॉक्टर म्हणतात, निगेटिव्ह असेल तर गोळीचा उपयोग नाही, फक्त जड केमो. आईचं हृदय आधीच अशक्त आहे. ते म्हणाले, धोका आहे, पण दुसरा मार्ग नाही. आहे का दुसरा मार्ग?"

मी तिला समजावायला कागद ओढला. प्रत्येक पेशीत तीच सगळी जनुकं असतात, पण सगळी एकदम वाचली जात नाहीत. कुठलं वाचायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, हे ठरवणारी प्रथिनं असतात. स्तनाच्या पेशीत असं एक प्रथिन इस्ट्रोजेनची वाट बघत असतं. हार्मोन आलं की ते जनुकांवर बसतं, 'वाढ' असं लिहिलेला भाग वाचून घेतं, आणि काम झालं की थांबतं. काही कॅन्सरमध्ये हे वाचन थांबतच नाही. गोळी हार्मोनची जागा अडवते आणि वाचन बंद पाडते. म्हणून ते प्रथिन गाठीत आहे की नाही, हे आधी बघावं लागतं. असेल तर काचेवर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं.

"आणि नसेल तर?"

"निळं."

"आईचं आधी तपकिरी होतं, आता निळं आहे." ती थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अदलाबदल झाली असेल, तर आईचा तुकडा कोणत्या बाईच्या नावावर गेलाय, मॅडम?"

मी दोन्ही कागदांवरचे नंबर पुन्हा जुळवून पाहिले. बाहेर चव्वेचाळीस अंश होते.

२

हेमराज माझा तंत्रज्ञ. वीस वर्षं काचांना रंग लावतोय. मी त्याला बोलावलं तेव्हा त्याने प्रज्ञाकडे आणि कागदांकडे पाहिलं आणि हात पुसले.

"रंग बिघडला असेल का, हेमराज?"

"मॅडम, माझा रंग होळीलासुद्धा बिघडत नाही." मग माझा चेहरा पाहून तो गंभीर झाला. "प्रत्येक काचेच्या कडेला आपण खात्रीचा एक तुकडा लावतो, नक्की तपकिरी होणारा. तो बघा. तपकिरी नसेल तर मी राजीनामा देतो."

तो तुकडा तपकिरी होता. अगदी गडद. म्हणजे रंग त्या दिवशी चांगला होता.

"आणि अदलाबदल?"

त्याने वही आणली. त्या आठवड्यात आमच्याकडे अपेंडिक्स होती, पित्ताशयं होती, एक गर्भाशय होतं. स्तनाची गाठ एकच, लिलाबाईंची. जे दुसरं नव्हतंच, त्याच्याशी अदलाबदल होणार कशी? आमच्याकडे तरी नाही.

"मग धुळ्यात," प्रज्ञा म्हणाली.

मी काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गाठीच्या पेशी निळ्या. मी काच सरकवत कडेला नेली, जिथे गाठ संपते आणि निरोगी भाग सुरू होतो. तिथे दुधाच्या नळ्या असतात. निरोगी नळ्यांतही काही पेशी तपकिरी दिसतात. कोणाच्याही. मुलीच्या, म्हातारीच्या, लिलाबाईंच्या, माझ्या. ते प्रथिन तिथे थोडंफार असतंच.

नळ्या निळ्या होत्या. सगळ्या. एकही पेशी तपकिरी नव्हती.

मी डोळा बाजूला घेतला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. गाठ कोणाचीही असो, या नळ्यांनी थोडा तरी रंग धरायला हवा होता. ज्या तुकड्यातल्या निरोगी पेशीही मुक्या आहेत, त्याच्या गाठीबद्दल काहीच बोलता येत नाही. हा रिपोर्ट निगेटिव्ह नव्हता. चाचणीच फसली होती. नळ्या तपासल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते.

आणि तरी खाली सही माझी होती.

"काय दिसलं, मॅडम?" प्रज्ञाने विचारलं.

"तुमच्या आईचा तुकडा माझ्याकडे येण्याआधीच कोणीतरी मारला," मी म्हणाले.

३

काढलेला तुकडा लगेच फॉर्मेलिनमध्ये बुडवायचा असतो. ते औषध पेशींना आहे त्या क्षणी थांबवतं. बुडवला नाही, तर पेशी स्वतःलाच पचवायला लागतात. आधी अशी नाजूक प्रथिनं जातात. तुकडा वरून तसाच दिसतो, पण आत सांगण्यासारखं काही उरत नाही.

धुळ्याहून आमचे डबे मगनभाऊ आणतात. साठीचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. अजूनही माणूस कमी आणि गाडीची वेळ जास्त बघतात. शनिवारी सकाळी ते नेहमीप्रमाणे निळा खोका घेऊन आले आणि हेमराजला आत बोलावून मी दार लोटून घेतलं.

"मगनभाऊ, डब्यातलं औषध वाटेत कधी सांडतं का?"

"नाही बा."

"ओतता का?"

ते बसले. खोका मांडीवर घेतला, जणू तोच त्यांचा वकील.

"एरंडोलच्या पुढे एकदा एका बाईने विचारलं, भाऊ, लोणचं शे का? मी म्हटलं, शे, पण सासूबाईंचं. बाई ओरडली. वास पसरला होता. कंडक्टरने मला उतरवलं. मला, मॅडम! अठ्ठावीस वर्षं मी लोकांना उतरवलं."

"मग?"

"मग तेव्हापासून..." त्यांचा आवाज बारीक झाला. "तेव्हापासून पारोळ्याच्या स्टँडवर अर्धं औषध ओततो आणि नळाचं पाणी भरतो. वास कमी येतो."

हेमराज उभाच राहिला. "भाऊ! अहो, लोकांचे जीव असतात त्यात!"

मगनभाऊंनी खोका टेबलावर ठेवला. "म्हणजे ती बाई... ती माझ्यामुळे?"

प्रज्ञा दारात उभी होती. ती कधी आली, मला कळलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं.

४

गुन्हेगार सापडला, असं हेमराजच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मलाही तसं वाटावं, अशी माझी फार इच्छा होती. पण काच वेगळंच सांगत होती.

"मगनभाऊ पारोळ्याला पोहोचतात तोवर तुकडा औषधात निदान रात्रभर असतो," मी म्हणाले. "औषध बाहेरून आत जातं. आधी कडा पक्की होते, मग मधला भाग. नंतर पाणी घातलं तर मधला भाग खराब होईल, कडा वाचेल. भाकरीची कडा भाजलेली आणि पोट कच्चं, तसं. लिलाबाईंच्या तुकड्यात कडाही गेलीय आणि मधलाही. सारखाच. म्हणजे तो औषधाला शिवण्याआधीच गेला."

"मग मी नाही?" मगनभाऊंनी विचारलं.

"तुम्ही चूक केलीत. पुन्हा करू नका. पण ही चूक तुमची नाही."

मी त्या दवाखान्यातून वर्षभरात आलेल्या स्तनाच्या सगळ्या गाठींच्या काचा काढल्या. एकोणीस. दुपारपर्यंत एक एक बघत बसले, फक्त नळ्या. बारांच्या नळ्या बोलत होत्या. त्यांतल्या काही गाठी निगेटिव्ह होत्या, पण त्या खऱ्या निगेटिव्ह होत्या. सात काचांत नळ्या मुक्या होत्या. सात. लिलाबाई आणि आणखी सहा जणी. सातही रिपोर्टवर मी 'निगेटिव्ह' लिहिलं होतं. प्रत्येक वेळी पेशी थोड्या धूसर दिसल्या असणार, आणि प्रत्येक वेळी मी मनात म्हटलं असणार, खानदेशचं ऊन, वाटेत तुकडा थोडा तापला असेल.

मी उठून पाणी प्याले. त्या सहा जणींपैकी किती आज आहेत, हे मला माहीत नव्हतं. आणि हे आत्ता माझ्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. एकोणीस काचा परत पेटीत ठेवल्या असत्या, तर कधी कोणाला कळलंही नसतं. हा विचार मनात आला होता, हे लिहून ठेवते.

हेमराजने सातही जणींचे फॉर्म ओळीने मांडले. ऑपरेशनची वेळ, तुकडा औषधात टाकल्याची वेळ. प्रत्येकात दहा मिनिटांचा फरक. प्रत्येकात. उन्हाळा असो, हिवाळा असो, दहाच.

"फारच शिस्तीचा दवाखाना," हेमराज म्हणाला.

मी वेळा सोडल्या आणि पत्ते वाचले. बोलणाऱ्या बारा : धुळे, देवपूर, धुळे, सोनगीर, पुन्हा धुळे. मुक्या सात : पिंपळनेर, साक्री, शिरपूर, दोंडाईचा, पुन्हा पिंपळनेर, दहिवेल, तळोदा.

"मगनभाऊ, या गावांहून धुळ्याला यायला किती वेळ लागतो?"

ते डोळे मिटून सांगायला लागले. सोनगीर अर्धा तास. साक्री दीड. पिंपळनेर अडीच, गाडी चुकली तर दुपार. तळोद्याचं तर नावच नको.

गाव जेवढं लांब, तेवढी गाठ मुकी. पण कॅन्सरला किलोमीटर कळत नाहीत.

मगनभाऊंनी डोळे उघडले. "पण मॅडम, पेशंट तर आदल्या दिवशीच येऊन भरती होतो ना? मग दुसऱ्या दिवशी गावाहून कोण येतं?"

५

रविवारी मी आणि प्रज्ञा धुळ्याला गेलो. निघण्याआधी हेमराजला एक काम दिलं : एप्रिलमधला सुईचा तुकडा पुन्हा रंगवायचा. तो तुकडा माझ्यासमोर काढला होता, मी स्वतः त्याच मिनिटाला औषधात टाकला होता. त्याच्या ओळखीबद्दल शंका नव्हती.

दवाखान्यात सर्जन नव्हते. ऑपरेशन थिएटरची सिस्टर डिंपल होती, विशी ओलांडलेली, नीटनेटकी. मी फॉर्म पुढे केले तेव्हा तिने आधी दाराकडे पाहिलं.

"अक्षर तुमचं?"

"हो."

"दर वेळी दहाच मिनिटं कशी लागतात?"

"फॉर्म मी सकाळीच भरून ठेवते," ती म्हणाली. "नंतर वेळ मिळत नाही."

"आणि गाठ खरंच कधी टाकता?"

तिने फॉर्म नीट रचायला घेतले. प्रज्ञा पुढे झाली. मला वाटलं, ओरडेल. ती वर्गात पोरांशी बोलत असावी तशी बोलली. "ताई, उद्या माझ्या आईचं औषध ठरणार आहे. तुमचं नाव मला नको. वेळ सांगा फक्त."

डिंपलचे डोळे भरले. "दाखवल्याशिवाय टाकता येत नाही हो."

"कोणाला दाखवल्याशिवाय?"

"घरच्या मोठ्या माणसाला. इथे तशीच पद्धत आहे. काय काढलं ते नातेवाइकांनी बघितलं की ते शांत होतात. शहरातले लोक बाहेरच बसलेले असतात, पाच मिनिटांत बघून जातात. पण खेड्यावरून बाया येतात, त्यांच्याबरोबर एखादी बहीण, जाऊ असते. त्या म्हणतात, आम्ही नाही बघणार, आबा येतील, नाना येतील. मग ट्रे ठेवायचा. वर ओली जाळी टाकून, बाजूच्या खोलीत."

"त्या खोलीत एसी आहे?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"औषधात टाकून दाखवली तर काय बिघडतं?"

"टाकली की रंग उडतो, मॅडम. पांढरट होते, शिजल्यासारखी. एकदा एक जण सरांच्या अंगावर धावून गेले. म्हणाले, ही आमची नाही, कुठली तरी उकडून दाखवता. तेव्हापासून सर म्हणतात, ताजीच दाखवा."

नातेवाइकाला गाठ दिसावी म्हणून ठेवली होती, आणि त्या वेळात तिच्यात बघण्यासारखं होतं ते सगळं गेलं होतं.

"लिलाबाईंची गाठ बघायला कोण आलं होतं?" मी विचारलं.

डिंपलने प्रज्ञाकडे पाहिलं आणि नजर खाली केली. "तुमचेच आबा. त्यांनी मोबाईलवर फोटोही काढला."

प्रज्ञाचा चेहरा पांढरा पडला.

६

आधार आबा म्हणजे लिलाबाईंचे मोठे दीर. नवरा गेल्यावर लिलाबाईंचं घर त्यांनीच सांभाळलं, प्रज्ञाला त्यांनीच शिकवलं. धुळ्यात त्यांच्या पुतण्याकडे लिलाबाई सोमवारची वाट बघत खाटेवर पडल्या होत्या, आणि आबा पायथ्याशी खुर्ची टाकून बसले होते.

"जय भीम, डॉक्टरबाई. बसा."

मी फोटो मागितला. त्यांनी लगेच दाखवला, थोड्या अभिमानाने. स्टीलचा ट्रे, जाळी, गाठ. खाली वेळ होती : चार वाजून सव्वीस मिनिटं. ऑपरेशन सव्वाअकराला संपलं होतं.

पाच तास. मे महिन्यात. बंद खोलीत.

"आबा, तुम्ही त्यांना थांबायला सांगितलं होतं?"

"हो. मी येवालगून टाकू नका, असं मीच फोनवर सांगेल व्हतं. माझी पहिली गाडी चुकली." ते माझ्याकडे बघत राहिले. "डॉक्टरबाई, पंधरा वरीस पहिले मनी बाईकोनी गर्भाची पिशवी काढी. काय काढं, काही दखाडं नही. नंतर दुसरा डॉक्टर म्हणे, पिशवी चांगली व्हती, काढानी गरजच नव्हती. तवयपासून आमच्याकडे ठरलं. काढलं ते देखाचं. बठ्ठ्या गावाला, घरोघर, मीच सांगतो, देखल्याशिवाय सोडू नका."

मी फोटोतली वेळ पुन्हा वाचली. आबा हुशार होते. त्यावरूनच त्यांना कळायला लागलं.

"काय झालं? देखल्यानं काही झालं का?"

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं : सांगू नका. मीही तेच म्हणणार होते. दवाखान्याची चूक, एवढंच सांगितलं असतं तर खोटं ठरलं नसतं. पण मग ते घरी जाऊन पुढच्या बाईला तेच सांगणार होते.

"तुम्ही बघायला मागितलं, ते बरोबर होतं," मी म्हणाले. "तुम्ही येईपर्यंत गाठ तशीच ठेवली, ते चूक होतं. ते दवाखान्याला कळायला हवं होतं. आणि ती खराब झालीय, हे मला दिसायला हवं होतं. मला दिसलं नाही."

आबांनी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. हात मात्र त्यावरून काढला नाही.

"म्हणजे मीच लिलाले..."

"आबा," खाटेवरून लिलाबाई म्हणाल्या. त्यांना आम्ही झोपलेल्या समजत होतो. "तुम्ही येणार व्हतात म्हणून मी त्या दिवशी भ्यायले नही. आता तुम्हीच असं तोंड करशात तर मी काय करू?"

माझा फोन वाजला. हेमराज होता. मी उचलला.

"मॅडम, सुईचा तुकडा," तो म्हणाला. "तपकिरी आहे. गडद. नळ्यासुद्धा."

७

सोमवारी सकाळी मी दोन्ही काचा घेऊन धुळ्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर बसले. दुसरा रिपोर्ट मी लेखी मागे घेतला. त्यांनी काचा बघितल्या, बराच वेळ बघितल्या. मग जड केमोचा कागद बाजूला सारला आणि लिलाबाईंना गोळी लिहून दिली.

दवाखान्याच्या सर्जनने आधी चढा आवाज लावला, मग वर्षभरातल्या एकोणीस जणींचे पत्ते वाचले आणि खुर्चीत बसला. त्या दिवसापासून गाठ आधी चिरून औषधात जाते. घरच्यांना काढल्याबरोबर काढलेला फोटो दाखवतात. डिंपल आता वेळ घड्याळ बघून लिहिते.

उरल्या सहा जणी. त्यांचे तुकडे जपलेल्या मेणाच्या ठोकळ्यांतून आता काहीच कळणार नव्हतं. पण 'नाही' आणि 'कळलं नाही' यांत फार अंतर असतं. 'नाही' लिहिलं की गोळी बंद. 'कळलं नाही' लिहिलं, तर डॉक्टर अजूनही गोळी देऊ शकतात. घ्यायला बाई असेल तर.

फोन करायचं मी ठरवलं होतं. आबा म्हणाले, "फोनवर अशी गोष्ट कोणी मानत नही. दवाखान्याचा फोन आला की माणूस घाबरून कट करतो. दारात जावं लागंन. मी येतो. देखाचं मी शिकवेल शे, आता कसं देखाचं तेही मीच सांगसू."

पहिलं घर साक्रीचं होतं. फॉर्मवर नाव होतं बेबाबाई, वय बेचाळीस, ऑपरेशन मागच्या जुलैत. दार उघडंच होतं. आबांनी कडी वाजवली. आतून कोणी आलं नाही.

समोरच्या भिंतीवर हार घातलेला एक फोटो होता. उजेड काचेवर पडला होता, चेहरा दिसत नव्हता. मी उंबऱ्यावर उभी राहून तो बघायचा प्रयत्न करत होते, आणि तो दिसू नये असंही मला वाटत होतं. आबांनीही तोच फोटो पाहिला होता. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

मग मागच्या बाजूने बादली ठेवल्याचा आवाज आला. पदराला हात पुसत एक बाई आली. डोक्यावर नुकते बोटभर केस उगवले होते.

"सासऱ्यांचा फोटो शे तो," आमची नजर बघून ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

आबा बोलायला लागले, पण मी त्यांच्या दंडाला हात लावून थांबवलं.

"बेबाबाई," मी म्हणाले, "तुमच्या रिपोर्टवर सही माझी आहे. मी चुकीचं लिहिलं. बसून सांगू का?"